जवारीचं सूत

गौसमामांच्या दुकानात भोपळे आढ्याला टांगलेले,
दोन-दोन वर्षं वाळत.
शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी येते,
उंबऱ्याशी पोत्यावर बसते,
खडूनं हात पांढरे तसेच,
आणि त्यांच्या पोटांचे घेर काढत राहते.
"भोपळेच काढायचेत तर बाई,
मंडईत जायचं की,"
मामा म्हणतात. वर बघत नाहीत.
रंध्याखालून तुणीच्या लाकडाची सालपटं
माझ्या वहीवर येऊन पडतात.

पहिल्या वर्षी मी नुसते आकार काढले.
तुंबा, गळा, खुंट्या,
खाली नावं लिहावीत इतके स्पष्ट.
चित्रं बरी होती. मुकी होती.
दुसऱ्या वर्षी रंगांचा नाद लागला:
षड्जाला गेरू, पंचमाला हळद,
असलं काहीबाही स्वतःशीच ठरवून
चांगला ड्रॉइंग पेपर भरला.
घरी भिंतीवर लावलं,
तर नवऱ्यानं विचारलं,
कुठल्या बँकेचं कॅलेंडर?

मग त्या दिवशी इचलकरंजीहून एक मुलगी आली
पाठीवर तंबोरा घेऊन, गोधडीत गुंडाळलेला.
आवाज बसलाय म्हणाली,
स्वतःचाच घसा धरून.
मामांनी घोडीवर कानस फिरवली,
इतकी हलकी, की झुरळाच्या मिशीलाही
कळलं नसतं.
तारेखालचं जुनं सूत काढलं, नवं सरकवलं,
तिळाएवढं पुढे,
अर्ध्या तिळाएवढं मागे.
जंक्शनात मालगाडी शिरत होती.
मामा थांबले. ती पूर्ण शिरू दिली.
मग छेडलं.

काय सांगू.
बंद खोलीत कुणीतरी
खिडकी नव्हे, भिंतच उघडली.
आणि हे सगळं त्या सुतावर,
शर्टाचं बटण लावताना
दातानं तोडून थुंकतो आपण, त्या सुतावर.

जुनी चार सुतं मामा फुंकून टाकणार,
तेवढ्यात मी हात पुढे केला.
"काय करणार?"
मलाच माहीत नव्हतं.
काडेपेटीत घालून घरी आणली.

रात्री काळी शाई बशीत ओतली.
पाचवी ब ची पोरं करतात तेच केलं:
कागद दुमडला, आत भिजलेलं सूत,
वर तळहाताचा दाब,
आणि टोक धरून ओढलं.
बोटभर सूत, म्हणून चित्रही
पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात मावेल एवढंच.
उघडलं तर दोन्हीकडून एकच
काहीतरी उमटलेलं,
मधे घट्ट, कडेला जाताना विरत,
जाताना अजून थोडं राहिलेलं.
चौथं ओढताना दूधवाल्यानं बेल मारली,
म्हणजे पहाट झालेली. हात हलला.

शनिवारी चारही कागद
मामांच्या लाखेच्या डब्याशेजारी ठेवले.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
जवळचं ते असंच बघतात.
ओळीनं लावले. दोन जागा बदलल्या.
"हे दोन जोडाचे," म्हणाले. "हा खर्ज."
मग चौथ्यावर, दूधवाल्याच्या कागदावर,
नख ठेवलं.
"पंचम उतरलाय बाई."

मी हसले. ते हसले नाहीत.
मांडीवरचा तंबोरा जवळ ओढला,
त्याच्या पहिल्या खुंटीला
नखाएवढा पीळ दिला,
छेडलं, ऐकलं, पुन्हा दिला,
आणि चष्मा कपाळावर तसाच ठेवून
कागद माझ्याकडे सरकवला.
"आता बघा."

कागद होता तसाच.
शाई वाळलेली, कडेला एक
सालपट चिकटलेलं.
मी तरी पाहिलं.