दोन हात चहाचे

वर्गीस मंगफ सोडून कायमचा गावी गेला,
टेबल कचऱ्याच्या पिंपाशी ठेवून.
रात्री मी आणि नजमुलनं ते जिन्यानं वर आणलं.
लिफ्टमध्ये मावत नव्हतं.

शुक्रवारी बाल्कनीत पॉलिश पेपर,
आधी ऐंशीचा, मग दोनशेवीसचा.
पुसायला फाटका बनियन.
पॉलिशचा डबा अडीच दिनारला, म्हणून
काळ्या चहाच्या पाण्याचे दोन हात,
त्यावर तारेची घासणी
तीन दिवस भिजवलेला सिरका.
लाकूड डोळ्यांदेखत सावळं झालं,
हात धुऊन येईतो सुकलंसुद्धा.

फक्त एका कोपऱ्यात जास्त रेटलं.
वरचा सागाचा पापुद्रा गेला,
आत नुसता भुसा.
तिथं पाण्याची बाटली ठेवली
आणि घरी व्हिडिओ कॉल लावला.

"नवं घेतलंस?" आई म्हणाली.
मी हो म्हणणारच होतो.
करवतीनं अर्धं नेलेलं आबांचं बोट
पडद्यावर आलं, फिरलं, थांबलं.
"बाटली उचल."

उचलली.

बराच वेळ तिकडच्या पंख्याचा आवाज.
मग म्हणाले,
"मेणबत्ती वितळव, चिमूटभर कॉफी टाक,
भर, नखानं दाब.
आणि ऊन उतरल्यावर कर हो,
तिथं मेण धरायचं नाही."