अकरा आटे

मोटार पूर्ण वेगानं सोडायची
आणि वॉल्व अकरा आटे आवळून ठेवायचा.
बावीस वर्षं हेच केलं मी, उदगीरच्या या पंपघरात.
बैलाला पराणी टोचत राहायची
आणि कासराही ओढून धरायचा.
दुसरं काही कुणी सांगितलंच नव्हतं.
पाइप थरथरायचा, खिळ्यावरचं कॅलेंडर हलायचं.
गावाला पाणी आठव्या दिवशी,
विजेचं बिल मात्र महिन्याच्या महिन्याला, न चुकता.

मग निकहत बागवान आली,
हेल्मेट काखेत, बुटांना चिखल.
भिंतीवर करडं कपाट बसवलं,
टाकीवर एक डोळा, पाइपात एक कान.
चहाच्या बशीखालच्या बिलामागं गणित मांडलं :
वेग पाचव्या हिश्श्यानं उतरवा, काका,
वीज निम्म्यावर येते.
निम्म्यावर कशी? पाचवा हिस्सा म्हणजे पाचवा हिस्सा.
ती हसली नाही. पुन्हा मांडलं. घनाचं होतं काहीतरी.
मला अजून पटलेलं नाही,
मीटरला पटलं.

आता कपाटच ठरवतं.
रात्री वीज स्वस्त झाली की उठतं,
टेकडीवरची टाकी भरत आली की
आवाज उतरत जातो,
म्हातारा माणूस जिना उतरतो तसा, थांबत थांबत.
वॉल्व सताड उघडा.
त्याच्या चाकावर मी टॉवेल वाळत घालतो.

पहिले आठ दिवस डोळ्याला डोळा नाही.
बायको फोनवर म्हणाली, गप का बसलाव?
म्हटलं, मी नाही, मोटार.

मार्चात एका रात्री अडीचला
पडद्यावरचे दोन आकडे जुळेनात.
इथून निघालेलं तिथं पोचत नव्हतं.
निकहत झोपेतून म्हणाली,
किती जातंय ते कळतं, काका. कुठं जातंय ते नाही.

बॅटरी घेतली, लोखंडी गज घेतला,
गजाचं एक टोक पाइपाला, एक कानाला,
असा चाललो लाइनीनं.
चुन्याच्या जुन्या भट्टीमागं
जिथं एकदा ताग ठोकून, शिसं ओतून जोड मारला होता आम्ही,
तिथं एवढ्या उन्हाळ्यात हिरवंगार गवत,
आणि गवतात कुणाचीतरी म्हैस,
दाव्याला बांधलेली, रवंथ करत.
खुंट्याभोवती जुनं शेण, नवं शेण.
म्हणजे माहीत होतं.
मला नाही, कपाटाला नाही,
म्हशीला.

लॉगबुकात एक रकाना अजून आहे : वॉल्व, आटे.
साहेब म्हणाले, रिकामा सोडला तरी चालेल.
मी रोज लिहितो.
शून्य.