लांब, आखूड, लांब

ग्रिम्सबी. रात्रपाळी. खोली अकरा.
ॲस्क्यू आजोबांची वाचा गेलीय, एक बोट राहिलंय.
पलंगाच्या दांडीवर
लांब, आखूड, लांब.
मला वाटायचं, पाणी हवंय.
सात-आठ रात्री मी पाणीच पाजत राहिले.
(प्यायचेही बिचारे. सभ्य माणूस.)

मग पुतणी आली, डोरीन. हसली.
म्हणाली, मासेमारी बोटीवर तारायंत्र सांभाळायचे.
हे अक्षर ‘के’. म्हणजे,
माझं झालं, आता तू बोल.

चार वर्षांत या देशात
हे मला कुणी म्हटलं नव्हतं.

तर बोलले. मराठीतच.
भाड्याचं, गुडघ्याचं,
मिरजेच्या बहिणीशी धरलेल्या अबोल्याचं.
थांबले की दांडीवर
लांब, आखूड, लांब.

पहाटे निघताना वेगळंच वाजलं, बरंच मोठं.
डोरीननं दिलेला कागद काढला: त्र्याहत्तर.
निरोपाचा आकडा.
आमच्याही पत्रांत असायचं, कार्डाच्या कोपऱ्यात,
जागा संपत आल्यावर:
क. लो. अ.

बसस्टॉपवर बहिणीचा नंबर लावला.
रिंग जातेय.
लांब.
लांब.