साडेपाच

पंधरा बंगल्यातल्या विशालाक्षीबाई
श्रुतीपेटी दुरुस्तीला आणायच्या, म्हणायच्या,
"साडेपाचला लावा."
मी म्हणायचो, "म्हणजे काळी चार."
पट्टी एकच, भांडण दरवर्षीचं.

चर्चचा ऑर्गन वाजवणारा डेन्झिल
खिशातून नादकाटा काढी,
गुडघ्यावर आपटून माझ्या कानाशी धरी :
चारशे चाळीस.
लंडनला तेवढेच, भुसावळलाही तेवढेच.
मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीत,
काटाही केसभर उतरलेला असायचा.
मी कधी बोललो नाही.

यंदा बाई आल्या
गळ्याच्या ऑपरेशननंतर.
पेटी बाकावर ठेवली, पाणी प्यायल्या.
"साडेचार," म्हणाल्या.

काळी तीन.
मी स्क्रू सैल करत राहिलो.
डेन्झिल म्हणाला, "मग तुमचा सा आता एफ शार्प?"
"सा," बाई म्हणाल्या. "नुसता सा."

तेवढ्यात यार्डातून मालगाडीचा भोंगा,
लांबलचक, तापीच्या पुलाकडे जाणारा.
"सी शार्प," डेन्झिल सवयीनं.
बाईंनी डोळे मिटले,
ओठांतल्या ओठांत सा धरून पाहिला.
"पंचम."

मागच्या उन्हाळ्यात
हाच भोंगा त्यांचा मध्यम होता.