नाक

वेंगुर्ल्याला ती आली मालट्रकमधून,
पेंढ्यात गुंडाळलेली, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांवर आडवी.
आंबोली घाट उतरताना कुठल्याशा वळणावर
तिचं नाक गेलं.
धुरी सरांनी पेंढा चिवडून चिवडून पाहिला.
हाताला लागली पांढरी भुकटी, आणि एक मेलेली पाल.

ही ग्रीसमधली, सर म्हणाले,
हिच्यापरती सुंदर बाई जगात झाली नाही.
आम्ही बारा मुलगे, तीन मुली,
काजूच्या कारखान्यावरची माडी.
खालून भाजल्या टरफलांचा धूर फळ्यांच्या फटींतून वर यायचा
आणि तिच्या प्लास्टरच्या पोटावर पिवळा होऊन बसायचा.
हात नव्हतेच तिला. ते काही घाटात गेले नव्हते,
हजार-दोन हजार वर्षांपूर्वीच गेलेले.
"हात सगळ्यात कठीण," सर म्हणाले,
"म्हणून पहिल्या वर्षाला ही बरी."

नाक मात्र हवं.
लवू मेस्त्रींना बोलावणं गेलं.
चतुर्थीला दोन महिने होते,
गणपतीच्या शाळेत नुसती माती मळून पडलेली.
मेस्त्रींनी चष्मा कपाळावर ढकलला,
बाईभोवती एक फेरी मारली, प्रदक्षिणेसारखी,
आणि विचारलं एवढंच:
"नथीक भोक ठेवूचा काय?"

सरांनी हवेत रेघ मारून दाखवली,
कपाळापासून टोकापर्यंत सरळ, मध्ये खळगा नाही,
तिकडचं नाक असं.
मेस्त्रींनी मान हलवली, आणि केलं
जे त्यांचे हात चाळीस वर्षं करत आलेले.
गौरीचं.
डोळ्यांमधून दबत दबत निघालेलं,
टोकाशी जरा गोल, नाकपुड्या जाग्या,
जणू आत्ताच कुणी फोडणी घातली.

वर्षभर आम्ही ते नाक काढलं.
साडेसात डोकी उंची, आठ केली तर देवता,
फोर बी पेन्सिल, एक डोळा मिटून, हात ताठ.
घरी आरशासमोर मी माझं मोजायची.
आते म्हणायची, चाफेकळी मागितलंय
तर देवान काजूची बी दिल्यान.
कणकवलीहून बघायला आलेल्यांनी पोहे संपवले,
कळवतो म्हणाले.
तर त्या पांढऱ्या बाईकडे बघून मला वाटायचं,
हे काही फार लांबचं नाही.
ग्रीस असेल रेडीच्या पुढे कुठेतरी,
बंदरावरून दिसत नाही इतकंच.

परीक्षक आले मुंबईहून.
भिंतीवर पंधरा चित्रं.
ते थांबले, मागे झाले, पुन्हा जवळ.
"सगळ्यांचं नाक एकसारखं चुकलंय. बघून काढलंत?"
बघूनच तर काढलं होतं.
सरांनी पुतळ्याकडे बोट केलं
आणि बोट तसंच राहिलं.
वर्षभर रोज तिच्यासमोर उभे होते सर,
नाक त्यांना त्या दिवशी दिसलं.
अकरा नापास. त्यात मी.

दुसऱ्या वर्षी हात.
खालून मथुरा खवणेकर आली, जेवणाच्या सुट्टीत,
तासाचे बारा रुपये ठरवून.
स्टुलावर बसण्याआधी पुतळ्यापाशी गेली,
बघत राहिली. म्हणाली,
"ह्या नाक लवूच्या बायलेचा.
बारा वर्सां झाली तिका जावन."
कुणी काही बोललं नाही. खाली अडकित्ते वाजत होते.

मग बसली, आणि हात पदराखाली घेतले.
सर म्हणाले, बाहेर काढ, हातच काढायचेत.
तिने काढले.
काजूच्या चिकाने बोटं करपलेली, नखांपर्यंत काळी,
उजव्या अंगठ्याची कातडी साल निघावी तशी सुटलेली.
सर म्हणाले, बोटं निमुळती घ्या, सावली हलकी ठेवा,
सौंदर्य बिघडता कामा नये.
मी मान हलवली, लवू मेस्त्रींसारखी.

त्या एका दुपारी
माझी फोर बी अर्धी संपली.