खडूच्या रेघा

साक्रीच्या वर, पठारावर, पवनचक्क्यांखाली
एक सायकल, दोन चाकं घेऊन गेलो.
एक भटूच्या दुकानातलं, बत्तीस तारांचं;
एक उसनं, कार्बनचं, चार बोटं खोल कडेचं.
पायडल मारायचं नाही. उतारावर नुसतं सुटायचं.
थांबेल तिथं मी खडूनं रेघ ओढायची.

सहाला वारा निजलेला.
जुन्याच्या तारा हवा विंचरत आल्या.
उसनं घुमलं, रांजणात तोंड घालून बोलावं तसं,
आणि एकवीस पावलं पुढं जाऊन थांबलं.

नऊला वरची पाती हलली.
आडव्या वाऱ्यानं खोल कडेला शिडासारखं धरलं,
दिलवर रस्ता सोडून थेट कुसळांत.
"वारा कोन्हाच सगा नई शे,"
त्याच्या पोटरीतली कुसळं उपटत भटू म्हणाला.

एक ठेलारी मेंढरं थांबवून बघत होता.
"काय मोजता? जमीन?"
हवा, म्हटलं.
"मागं आले तेही हवाच मोजत होते,"
म्हणाला, आणि वर पात्यांकडे बघितलं.

रविवारी लळिंगचा घाट.
पुढं जुनं लावू, मागं उसनं.
आकडे वहीत आहेत.
एकवीस पावलांच्या मधोमध
एक मेंढी बसलीय, उठत नाही.