तोंड करून मिळेल

दारावर पत्र्याची पाटी आहे:
‘येथे क्लॅरिनेटचे तोंड नवीन बनवून
व जुने घासून मिळेल.’
शाळेची पोरं वाचतात, हसतात.
एक तर आत डोकावून विचारून गेला,
आमच्या हेडमास्तरांचं घासून द्याल का ओ?

बँडवाले तोंडच म्हणतात त्याला.
माउथपीस म्हणतो तो फक्त पुण्याचा एक साहेब.
कुरिअरनं पाठवतो, डबीत, कापसात गुंडाळून,
सोबत चिठ्ठी: टोक उघडं हवं
एक पूर्णांक शून्य आठ.

आमचे मिलमध्ये फिटर होते.
भोंगा कायमचा बंद झाला तेव्हा घरी आणलं काय,
तर एक खरवडणी, पोलादी पात्यांचा जुडगा
आणि कुणाच्या तरी कपाटाच्या आरशाची जाड काच.
काचेवर पॉलिश कागद, कागदावर तोंड,
भाकरी थापल्यासारखा हलका हात.
एबोनाइटचा काळा भुगा पडतो,
गंधकाचा वास सुटतो,
माझ्या तंबाखूच्या वासाशी
बत्तीस वर्षं भांडतोय तो.

मी समोर, मांडीवर सूप घेऊन.
दिवसाला हजार बिड्या.
भिजलेलं पान कापायचं, तंबाखू भरायची,
वळायचं, मुडपायचं, दोरा.
कारखान्यात त्यातल्या शंभर तरी छाट काढतात,
आणि छाट परत देत नाहीत,
ठेवून घेतात.

घरात आम्ही तेलुगू बोलतो,
गिऱ्हाइकाशी मराठी, दस्तगीरशी हिंदी.
तोंडाशी हे काय बोलतात, मला ठाऊक नाही.

त्या दिवशी दस्तगीर आला,
वैशाखातलं तीनचं ऊन डोक्यावर घेऊन.
वरचे चार दात काढलेले, कवळी नवी.
रात्री अक्कलकोट रोडला वरात
आणि क्लॅरिनेट ओरडतंय, कोंबडी धरल्यासारखं.
जुन्या तोंडावर त्याच्याच दातांचे दोन खड्डे.
आता तिथं बसायला दातच नाहीत.

मास्तरांनी घासलं. पातं सरकवून बघितलं.
बरोबर आहे, म्हणाले.
फुंकलं. कोंबडी.
पुन्हा घासलं.
पुन्हा कोंबडी.
डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय
हे ते कुणाला सांगत नाहीत.
पात्यावरचा आकडा अंदाजानं वाचतात,
ते मला त्यांच्या मानेवरून कळतं.

मी उठले नाही.
हात पदराला पुसला, म्हटलं, इकडं द्या.
दोन कडा. अंगठा एकीवर, तर्जनी दुसरीवर,
वरून खाली, पान निवडते तशी.
डावी उंच आहे, म्हटलं.
किती?
कोवळ्या पानाच्या शिरेएवढी.
तीही पाठीकडची शीर.

ते काही बोलले नाहीत.
दस्तगीर बंद पंख्याकडे बघत बसला.
मग डावीकडं भार देऊन
कागदावर एकदा ओढलं,
दुसऱ्यांदा ओढताना अर्ध्यात हात थांबवला.

सूर निघाला.
खालचा, लाकडाच्या पोटातला,
कवळीतून जरा शीळ सांडत, पण सरळ.
शेजारचे यंत्रमाग काही थांबले नाहीत,
त्यांच्या खडखडाटावरून
तो अनवाणी चालत गेला.

दस्तगीरनं पैसे मास्तरांच्या हातात ठेवले,
सलाम मात्र केला
आम्हा दोघांच्या मधल्या भिंतीला.

वहीत त्यांनी लिहिलं: तारीख, दस्तगीर,
एक पूर्णांक शून्य दोन, दात नवे.
माझं नाव लिहिलं नाही. कशाला लिहितील,
वहीत वाजवणाऱ्यांचीच नावं असतात.

आज सकाळी सुपात, पानांच्या गठ्ठ्याखाली,
पुण्याच्या साहेबाची डबी.
चिठ्ठी, कापूस, सगळं.
हे पाठमोरे, स्टोव्हला पिन मारत.
मी विचारलं,
ह्याचे पैसे छाट कापून देणार का पुरे?

आधी डावी बघ, म्हणाले.